चांद्याचा परकोट कुणासाठी राखायचा?

जुलै २०२५मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांची नावं जागतिक वारशाच्या यादीत गेली आणि नागपुरात एक जुना वाद पुन्हा तापला. साल्हेरपासून सिंधुदुर्गापर्यंत अकरा किल्ले आपल्या राज्यातले, बारावा जिंजी थेट तमिळनाडूतला. विदर्भातला मात्र एकही नाही. लगेच दोन फळ्या पडल्या. एक म्हणते, विदर्भावर पुन्हा अन्याय झाला. दुसरी म्हणते, विदर्भात दाखवण्यासारखं आहेच काय? धरमपेठेतल्या एका सभागृहात याच विषयावर चर्चा होती, म्हणून मुद्दाम गेले. गाविलगड, नरनाळा, नगरधन, माणिकगड अशी नावं निघाली आणि शेवटी गाडी चंद्रपूरवर, म्हणजे जुन्या चांद्यावर, येऊन थांबली. एका वक्त्यांचं म्हणणं पडलं, की तिथला परकोट, म्हणजे गावाभोवतीची तटबंदी, डागडुजी करून, रोषणाई लावून राजस्थानच्या तोडीचं पर्यटनस्थळ करावा. दुसऱ्यांनी सांगितलं, ती भिंत शहराच्या गळ्याचा फास झाली आहे. चार दरवाजे आठवण म्हणून ठेवा आणि बाकीची पाडून रस्ते रुंद करा. टाळ्या दोघांनाही पडल्या. दोन तासांत परकोटाच्या आत राहणाऱ्या माणसाचा विषय एकदाही निघाला नाही. घरी येईपर्यंत मला राग आवरत नव्हता, कारण पठाणपुरा वेशीच्या आत माझ्या मामांचं घर आहे.

माझं म्हणणं आधीच सांगते. चांद्याचा परकोट राहिला पाहिजे, सलग राहिला पाहिजे. पण तो राखायचा असेल, तर त्याच्या सावलीतली घरं आधी राखावी लागतील, आणि आज कायदा ज्या पद्धतीने लागू होतो आहे त्यात नेमकं उलट घडतं आहे. दोन्ही बाजूंनी माणूस बाजूला ठेवून फक्त भिंतीचा प्रश्न मांडला आणि मग आपापल्या सोयीचं उत्तर निवडलं. तटबंदीच्या गावात भिंत आणि माणूस असे वेगळे काढता येतात, हे गृहीतच मुळात मला मान्य नाही.

आधी त्या यादीबद्दल. ती यादी मराठ्यांच्या युद्धव्यवस्थेची आहे. चांदा ही गोंड राजांची राजधानी. खांडक्या बल्लाळशाहने बल्लारपूर सोडून इथे नगर वसवलं आणि परकोटाचा पाया घातला, पुढच्या पिढ्यांनी तो पुरा केला, अशी परंपरा सांगते. १७५१मध्ये नागपूरकर रघूजी भोसल्यांनी चांदा आपल्या राज्याला जोडलं आणि शेवटचा गोंड राजा नीळकंठशाह बल्लारपूरच्या किल्ल्यात कैदेत राहिला. म्हणजे मराठे या गावात जिंकणारे म्हणून आले. ज्यांनी हा तट बांधला त्यांच्या हातून तो ज्यांनी घेतला, त्यांच्या नावाच्या यादीत चांदा नाही, हा अन्याय कसा? असतं तर अन्याय झाला असता. विदर्भाच्या अस्मितेच्या नावाने बोलणाऱ्यांना विदर्भाचा गोंड इतिहास इतक्या सहजपणे मराठ्यांच्या खात्यावर टाकावासा वाटतो, याचं मला वाईट वाटतं. आणि हे नागपुरात घडावं? हे शहर १७०२मध्ये देवगडच्या बख्त बुलंदशाहने बारा वस्त्या जोडून वसवलं, म्हणून त्याला राजापूर बारसा म्हणत. त्याच्या मुलाने, चांद सुलतानाने, इथे राहायला येऊन गावाभोवती तट बांधला. आज त्या तटाची आठवण सांगायला महालातला जुम्मा दरवाजा, म्हणजे आपलं गांधी गेट, तेवढा उरला आहे. त्याच्याखालून रोज हजारो माणसं जातात. त्यांतल्या कितींना माहीत असेल, की हे गोंड राजाच्या गावाचं दार आहे?

या पहिल्या मुद्द्याला जोडूनच सीमेची गोष्ट सांगायला हवी. सीमाभाग म्हटलं की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे बेळगाव येतं. पूर्वेलाही आपली एक सीमा आहे, हे आपण विसरूनच गेलो. चंद्रपूरच्या पलीकडचा राजुरा तालुका निजामाच्या राज्यात, आदिलाबाद जिल्ह्यात होता. १९५६मध्ये तो नांदेडला जोडला गेला आणि १९५९मध्ये चांद्यात आला. जिवती तालुक्यातल्या चौदा गावांवर तेलंगण आजही हक्क सांगतं, आणि तिथल्या माणसांनी दोन राज्यांची रेशनकार्डं आणि दोन राज्यांची मतदानाची ओळखपत्रं सांभाळत अर्धं आयुष्य काढलं आहे. चांद्याच्या बाजारात मराठीइतकीच सहज तेलुगू ऐकू येते. परकोटाच्या वेशींची नावंच बघा: जटपुरा, पठाणपुरा, अंचलेश्वर, बिनबा. जाट, पठाण आणि महादेव एकाच भिंतीत शेजारी आहेत. तटातल्या पाच खिडक्यांची, म्हणजे छोट्या दारांची, नावं तर मला लहानपणापासून पाठ आहेत, कारण आजी जात्यावरच्या ओवीसारखी एका दमात म्हणायची: हनुमान, विठोबा, चोर, मसाण, बगड. सीमेवरच्या गावाची भिंत शत्रूला अडवायला असते हे खरं, पण भिंतीला दार ठेवावं लागतं आणि दारातून येणाऱ्यांचीच पुढे वस्ती होते. सीमेवरच्या गावाकडे 'कुणाचं' या एकाच प्रश्नाने बघणाऱ्यांना म्हणून तिथे काहीच दिसत नाही.

आता विरोधी बाजूचं जे खरं आहे ते मान्य करते, कारण ते खरंच खरं आहे. जटपुरा वेशीवर सकाळ-संध्याकाळ वाहनं तुंबतात. हत्ती, पालखी आणि बैलगाडी डोळ्यांपुढे ठेवून बांधलेल्या कमानीखालून आज ऑटो, स्कूल बस आणि मालवाहू टेम्पो जातात. माझ्या मामींना रात्री छातीत दुखायला लागलं तेव्हा रुग्णवाहिका वेशीजवळ अडकली होती, आणि ती सात-आठ मिनिटं मामा अजून विसरले नाहीत. त्या घरात बसून मी 'वारसा' हा शब्द उच्चारायची हिंमत करत नाही. जो माणूस भिंत पाडा म्हणतो, तो अडाणी किंवा इतिहासद्वेष्टा असतो असं समजणं हा नागपूरच्या सभागृहात बसणाऱ्यांचा माज आहे.

पण मग विचारते: भिंत गेल्याने कोंडी सुटते का? याचं उत्तर शोधायला चांद्याला जायची गरज नाही. नागपूरचा तट जाऊन पिढ्या लोटल्या. दरवाजे गेले, बुरूज गेले, दगड कुणाच्या जोत्यात गेले ते देव जाणे. भिंत हाच अडथळा असता, तर आज महाल आणि इतवारी मोकळी असायला हवी होती. शनिवारी संध्याकाळी इतवारीतून चारचाकी काढून दाखवा आणि मग चांद्याच्या वेशीला दोष द्या. गर्दी कमानीमुळे होत नाही. बाजार, बँका, दवाखाने, शाळा, सगळं एकाच पट्ट्यात भरून ठेवलं आणि तिथे जायची दुसरी सोय केली नाही, की गर्दी होते. कमान फक्त ती गर्दी डोळ्यांना दाखवते. ती पाडली तर गर्दी शंभर पावलं पुढे सरकेल. जड वाहनांना ठरावीक वेळ, वेशीबाहेर गाड्या लावायची जागा आणि आतल्यांसाठी छोटी बस, या कंटाळवाण्या गोष्टी कुणी व्यासपीठावरून बोलत नाही, कारण त्यांना टाळी मिळत नाही.

भिंत पाडा म्हणणाऱ्यांनी त्या दिवशी अहमदाबादचं उदाहरण दिलं, आणि ते चांगलं उदाहरण आहे. त्या शहराचा तट बहुतेक गेला, दरवाजे रस्त्यांच्या मधोमध उरले, तरी २०१७मध्ये जागतिक वारशाचा मान मिळवणारं ते भारतातलं पहिलं शहर ठरलं. मग चांद्याने का पाडू नये? पण अहमदाबादला तो मान कशामुळे मिळाला? तिथल्या पोळांमुळे: एकमेकींना खेटून उभ्या लाकडी घरांमुळे, चौकांमुळे, त्यांत अजून राहणाऱ्या कुटुंबांमुळे. तट गेला तरी घरं राहिली, म्हणून शहर राहिलं. आपण चांद्यात तट राखतो आहोत आणि घरं पडू देतो आहोत. म्हणजे ज्या उदाहरणाने भिंतीविरुद्ध बोलायचं होतं, ते खरं तर घरांच्या बाजूने बोलतं.

इथेच कायद्याकडे यावं लागतं, आणि माझ्या मते सगळ्या वादाची गाठ इथे आहे. चांद्याच्या परकोटासारख्या राष्ट्रीय संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम करायला बंदी आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगीशिवाय काही नाही, हे बंधन २०१०च्या दुरुस्तीने थेट कायद्यात आलं. माळरानावरच्या एकट्या देवळासाठी हा नियम उत्तम आहे. त्याच्यामुळेच अनेक देवळं इमारतींच्या गर्दीत गाडली जायची वाचली असतील. पण परकोट हे एका जागी उभं असलेलं स्मारक नाही, ती रेषा आहे. भिंतीच्या दोन्ही अंगांना शंभर-शंभर मीटर धरले, तर तटाच्या प्रत्येक किलोमीटरमागे २० हेक्टर जमीन बंदीच्या पट्ट्यात जाते; परवानगीचा पट्टा धरला तर ६० हेक्टर. आणि हा तट तर सगळं जुनं गाव कवेत घेऊन फिरतो. म्हणजे गावाचं गाव नियमात अडकतं. ज्यांच्या बापजाद्यांनी बुरुजाला पाठ लावून घर बांधलं, त्यांना गळकं छप्पर बदलायचं तर अर्ज, भिंत फुगली तर अर्ज. १६ जून १९९२च्या आधीचं घर असेल तर दुरुस्तीची परवानगी मागता येते, हे कायद्यात आहे. पण मातीच्या, वारसांत तीनदा वाटलेल्या घराचं वय कागदावर सिद्ध करणं किती जणांना जमतं? मामांच्या मागच्या खोलीचा अर्ज करून दोन पावसाळे उलटले. खोलीत आता ताडपत्री आहे. मी गेले तेव्हा मामा मला ती दाखवत म्हणाले, "तू नागपूरले शिकवतं ना इतिहास? मंग सांग, राजानं भिंत आमच्यासाठी बांधली होती का आमच्याविरुद्ध?" मला उत्तर देता आलं नाही.

पण याच कायद्यात वाट आहे. प्रत्येक स्मारकासाठी त्याच्या परिसराचा विचार करून स्वतंत्र वारसा उपविधी करायचे, अशी तरतूद त्याच २०१०च्या दुरुस्तीत आहे. चांद्यासारख्या वसत्या तटासाठी त्या उपविधींमध्ये घराची उंची किती, छप्पर कसलं, कुठल्या दुरुस्तीला नुसती सूचना पुरे आणि कुठलीला परवानगी लागेल, हे मोहल्ल्यागणिक ठरवता येईल. शंभर मीटरची बंदी उपविधींनी उठणार नाही, ते मला समजतं; त्यासाठी संसदेतच जावं लागेल, आणि वसत्या तटबंद्यांसाठी तसं जायला हवं. वाराणसीपासून जैसलमेरपर्यंत जुन्या गावांत राहणाऱ्या कितीतरी लोकांचं हेच दुखणं आहे. मग 'भिंत पाडा' ही मागणी विधानसभेपर्यंत नेणारे लोकप्रतिनिधी 'कायदा शहाणा करा' ही मागणी दिल्लीपर्यंत का नेत नाहीत? पाडणं सोपं वाटतं, म्हणून? पाडल्यावर त्या मोकळ्या जमिनीचं काय होणार आहे, हेही मग स्पष्ट सांगावं. माझ्या मामांच्या मागच्या खोलीसाठी ती जमीन कुणी सोडणार नाही.

आता दुसऱ्या फळीकडे वळते, म्हणजे रोषणाईवाल्यांकडे. त्यांचं म्हणणं मला जवळचं वाटायला हवं होतं, पण तेच जास्त भीतिदायक वाटतं. जैसलमेर मी पाहिलं आहे. तेही सीमेवरचं, वाळवंटातलं, तटाच्या आत माणसं राहणारं गाव. पर्यटक वाढले, घरांची हॉटेलं झाली, घागरीने पाणी वापरणाऱ्या गावात नळाने पाणी वाहू लागलं, आणि ते पाणी जमिनीत मुरून टेकडी भुसभुशीत झाली. बुरूज आणि भिंतींचे भाग ढासळले. शतकानुशतकं वेढे सोसलेला किल्ला पाहुण्यांच्या अंघोळीच्या पाण्याने खचू शकतो, हे तिथे जाऊन आल्यावर कळलं. चांद्याने हे का मागावं? शिवाय इथे इरई आणि झरपट अशा दोन नद्या आहेत. इरई फुगली की पठाणपुरा वेशीबाहेरचा रस्ता पाण्याखाली जातो आणि तटाबाहेरच्या सखल वस्त्यांत पाणी शिरतं. तटाचा पाया आणि पाणी यांचं जे नातं तिथे आहे ते आधी समजून घ्यावं लागेल. दिव्यांच्या तारा आणि तिकिटाची खिडकी त्यानंतरची.

'चंद्रपुरात बघायला आहे काय' असं म्हणणाऱ्यांना मात्र मी थोडा वेळ देणार आहे. नागपूरहून दर शनिवारी गाड्या निघतात त्या ताडोब्याला. वाघ दिसला की फोटो, नाही दिसला की हळहळ, आणि रविवारी संध्याकाळी परत. ताडोब्याच्या मोहर्ली दरवाजापासून चांदा हाकेच्या अंतरावर, पण गाडी गावात वळत नाही. मी वाघाच्या विरोधात नाही. पण नागपूरपासून जेमतेम दीडशे किलोमीटरवर एक अख्खं तटबंद शहर उभं असताना ते आपल्याला वाटेतलं पेट्रोल भरायचं ठिकाण वाटावं, हे लाजिरवाणं आहे. गोंदियाकडून बल्लारशाहला जाणाऱ्या रेल्वेमार्गावरच्या स्टेशनाचं नाव आजही 'चांदा फोर्ट' आहे. रेल्वेने लक्षात ठेवलं, आपण विसरलो.

हिवाळ्यात जा, उन्हाळ्यात तिथे पारा ४५च्या पुढे जातो आणि दगडावर पाय ठेववत नाही. जटपुरा वेशीपाशी गाडी सोडा आणि वर मान करून कमानीच्या बाजूचं शिल्प बघा: हत्तीवर आरूढ झालेला सिंह. गोंड राजांचं ते राजचिन्ह. मग तटाच्या कडेने चालायला लागा. जंग्यांमधून, म्हणजे मारा करायच्या भोकांतून, बाहेर बघा, चर्यांवर, म्हणजे तटाच्या माथ्यावरच्या पाकळ्यांवर, हात ठेवा, फांजीवरून, म्हणजे तटावरच्या वाटेवरून, जिथे जाता येतं तिथे जा. २०१७मध्ये इको-प्रो या संस्थेची तरुण मुलं रोज सकाळी हातात विळे-कुदळी घेऊन बुरुजांवरची झुडपं तोडायला लागली. त्याआधी कित्येक ठिकाणी भिंत आहे की टेकाड, हेही कळत नव्हतं. त्याच वर्षी पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये त्या मुलांचं नाव घेतलं. मला त्यातलं एकच महत्त्वाचं वाटतं: ती मुलं गावातली होती. अंचलेश्वर वेशीपाशी आलात की झरपटेच्या काठी अंचलेश्वराचं देऊळ. नगर वसवल्याची दंतकथा इथलीच: अंगभर गळवं झालेला खांडक्या बल्लाळशाह झरपटेच्या डबक्यात तोंड धुतो आणि त्याचं दुखणं उतरतं. पुढे ससा कुत्र्याचा पाठलाग करताना दिसतो आणि त्या धावेच्या वाटेवर तट आखला जातो. दुबळ्याने बलवानाला पळवलं ती जागा राजधानीसाठी निवडावी, ही कल्पना ज्या लोकांनी जपली त्यांच्याबद्दल मला फार आदर वाटतो. देवळाशेजारीच राणी हिराईने नवऱ्याची, बीरशाहची, समाधी बांधली. पुढे दत्तक मुलाच्या नावाने तिने राज्य चालवलं आणि महाकालीचं देऊळ उभारलं. लालपेठेत अखंड दगडांतून कोरलेल्या अवाढव्य मूर्ती उघड्यावर पडल्या आहेत. देऊळ बांधायचं राहून गेलं आणि देव बाहेरच राहिले. हे सगळं एका दिवसात होत नाही. होऊही नये.

आणि कोण म्हणतं चांद्याला कुणी येत नाही? चैत्री पौर्णिमेच्या यात्रेला महाकालीला येणारी माणसं मोजा. नांदेड, परभणी, तेलंगण, कुठून कुठून ट्रकमधून, रेल्वेच्या जनरल डब्यातून येतात. पोतराज येतात, देवीची गाणी म्हणत बायका झरपटेवर उतरतात, आणि ती नदी आज ज्या अवस्थेत आहे त्या पाण्यात अंघोळ करतात. १६ ऑक्टोबर १९५६ला, नागपूरच्या दीक्षेनंतर अवघ्या दोन दिवसांनी, बाबासाहेबांनी चांद्यात धम्मदीक्षा दिली. त्या दिवसांत दरवर्षी तिथल्या दीक्षाभूमीवर माणूस मावत नाही. आपल्या चर्चेत या लोकांना पर्यटक म्हणत नाहीत. ते हॉटेलात उतरत नाहीत, जिप्सीत बसत नाहीत, म्हणून ते आकड्यात नाहीत. ज्यांच्यासाठी सावली, पिण्याचं पाणी, संडास आणि स्वच्छ नदीकाठ हवा, असे लाखभर पाहुणे दरवर्षी दारात येत असताना आपण न आलेल्या पाहुण्यांसाठी रोषणाईचा विचार करतो. यात्रेकरूंची सोय करा. तीच सोय बाकीच्या दिवशी गावाला पुरेल.

एक आक्षेप अजून राहिला आणि तो मला सर्वांत कठीण वाटतो. एका तरुण आदिवासी कार्यकर्त्याने सभागृहाबाहेर मला विचारलं: हा तट राजाचा, तो बांधणारे हात कुणाचे होते? आणि त्या राजाच्या जातभाईंची मुलं आज जिवती आणि भामरागडला शाळेसाठी दहा-दहा किलोमीटर चालतात. त्यांना तुमच्या बुरुजाचं काय? मी त्याला लगेच उत्तर दिलं नाही, कारण लगेच दिलेलं उत्तर खोटं ठरलं असतं. दगड कुणी वाहिले याची नोंद राजे ठेवत नाहीत, हे खरं आहे. एका शाळेचा खर्च आणि एका बुरुजाचा खर्च समोरासमोर ठेवले तर शाळाच आधी, यातही मला शंका नाही. पण आपल्या राज्यात आदिवासी म्हटलं की फक्त जंगल, कुपोषण आणि नक्षलवाद एवढंच शिकवलं जातं. आपल्या मुलांनी दगडी राजधानी बांधणारे, तलाव खोदणारे, भिंतीवर आपलं चिन्ह कोरणारे गोंड कधी पाहिले? जिवतीच्या त्या मुलाला सहलीत शिवनेरी दाखवतात. त्याच्या स्वतःच्या राजांची राजधानी त्याच्या जिल्ह्यात असून त्याला ती कुणी दाखवत नाही. तट पाडला तर ती दाखवायची शक्यताच संपेल, आणि ते नुकसान त्या मुलाचं सर्वांत मोठं असेल.

त्या गोंड राजवाड्याचं आज काय आहे, ठाऊक आहे? जिल्हा कारागृह. १८१८च्या मे महिन्यात इंग्रजांनी तोफांनी तट फोडून चांदा घेतलं, किल्लेदार गंगासिंगचा त्यात अंत झाला. पुढे त्याच जागी २१ ऑक्टोबर १८५८ला इंग्रजांविरुद्ध उठाव करणारे गोंड वीर बाबुराव शेडमाके यांना इंग्रजांनी पिंपळाच्या झाडाला फाशी दिलं. त्या आवारातच गैबीशाह वलींचा दर्गा आहे. मोहरमला दोन दिवस कारागृहाचं दार भाविकांसाठी उघडतं. हिंदू, मुसलमान, गोंड सगळे रांगेत उभे राहतात. तुरुंगात जायला रांग लावणारं गाव मी दुसरं पाहिलं नाही. आपला सीताबर्डीचा किल्लाही वर्षातून मोजकेच दिवस उघडतो, आणि त्या दिवशी नागपूरकर मुलाबाळांना घेऊन रांगा लावतात. कुतूहल आपल्यात आहे, मग ते वर्धा जिल्हा ओलांडून चांद्याला जायला का तयार नाही?

चंद्रपूरची हवा वाईट आहे, हेही मी ऐकते, आणि ते खोटं नाही. २,९२० मेगावॅटचं औष्णिक केंद्र शहराला लागून आहे, कोळशाच्या खाणी शहराच्या काठावर आणि पोटाखाली आहेत. धूळ बुरुजांवर बसते तशीच तिथल्या माणसांच्या फुप्फुसांतही. पण त्या विजेवर पंखे कुणाचे फिरतात? नागपूरचेही. ज्या गावाची राख आपल्या उजेडामागे आहे, ते गाव घाण आहे म्हणून तिथे जायचं नाही, असं म्हणायला जीभ धजावते कशी? मी तर म्हणेन, जायचं कारणच ते आहे. दर आठवड्याला शंभर नागपूरकर तटावरून चालले आणि परत येऊन त्या राखेबद्दल, त्या अर्जांबद्दल, त्या नदीबद्दल इथल्या वर्तमानपत्रांत लिहू लागले, तर चांद्याची तक्रार फक्त चांद्याची राहणार नाही.

मी माझ्या शाळेत डिसेंबरची सहल या वर्षी चांद्याला ठरवली आहे. पालकांच्या सभेत पहिला प्रश्न आला: "मॅडम, ताडोबा पण करणार ना?" नाही म्हटलं. सकाळी जटपुऱ्याला उतरायचं, तटाच्या कडेने चालत अंचलेश्वर, दुपारी महाकाली, आणि तिथून पठाणपुऱ्याला. बेचाळीस मुलं आहेत. मामींनी सगळ्यांना पाटोडी-रस्सा करायचं कबूल केलं आहे. मुलांना मागच्या खोलीत मात्र जाऊ देऊ नको, असं मामांनी दोनदा बजावलं, तिथलं आढं आता वाकलं आहे. मी मुलांना ती खोली दारातून दाखवणार आहे.